शेजाऱ्याचा नंबर

मी खांब बोलतोय. विजेचा नव्हे, त्याला निदान लाइट गेल्यावर लोक शिव्या तरी घालतात. मी फुटबॉलच्या गोलचा खांब. गोलकीपर मैदानाकडे तोंड करून उभा राहिला की त्याच्या डाव्या हाताचा. आता मैदान नाही, गोल नाही आणि गोलकीपरही नाही. तरी आपण डावे, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही.

जन्मानं मी पाण्याचा पाइप. वाळूजला कारखाने वाढले तसं बजाजनगर फुगत चाललं होतं आणि त्याच्या कडेची शेतं प्लॉट होऊन विकली जात होती. काकासाहेबांनीही आपल्या रानाचे प्लॉट पाडले. गिऱ्हाईक यावं म्हणून मधल्या मोकळ्या जागेत बोअर घ्यायचं ठरवलं आणि त्यात मोटार सोडायला मला शहरातून आणलं. शहराला तेव्हा औरंगाबाद म्हणायचे. टेम्पोत आडवा पडून येताना मी मनातले मांडे खात होतो, की आता जमिनीच्या पोटात उतरायचं आणि गार पाणी अंगातून वर चढताना डोळे मिटून घ्यायचे.

नारळ फुटला, मशीन दिवसभर घुरघुरलं आणि वर आला नुसता फुफाटा. काकासाहेबांची टोपी, मिशी, सगळं पांढरं झालं.

"पाणी नाय तर नाय, पावडर तरी लावली देवानं," ते म्हणाले आणि टोपी झटकत घरी गेले. मी लिंबाच्या झाडाला टेकून पडून राहिलो. थेंबभर पाणी कधी माझ्या पोटातून गेलं नाही. ती तहान अजून आहे, खोटं कशाला बोलू?

मला उभं केलं ते फारूखनं. तो जवळच्याच घरात राहायचा, एका कारखान्यात वेल्डर होता आणि फुटबॉलचं वेड त्याला वडिलांकडून आलेलं. "प्लॉट विकेपर्यंत खेळा," काकासाहेबांनी परवानगी दिली. फारूखनं माझे दोन तुकडे केले. एक मी, एक माझा जुळा. वरचा आडवा दांडा दुसऱ्याच पाइपाचा होता, त्यामुळे सावत्र असल्यासारखा जरा वाकूनच असायचा. जुळ्याच्या बुडात सिमेंट जास्त गेलं, म्हणून त्याचा आवाज बसका. माझा मात्र खणखणीत. पोकळ असण्याचा मला पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

तो आवाज ओळखायचा डंबर. डंबर नेपाळच्या डोंगरातला. एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, इथंच एका खोलीत भाड्यानं राहायचा आणि ड्युटी सुटली की आमचा गोलकीपर व्हायचा. गोल अरुंदच होता, त्यामुळे समोरचा किक मारायला धावला की डंबर हात मागं नेऊन बोटाच्या पेरानं मला टोचा मारायचा. टण्ण! मग जुळ्याला. मागं न बघता आपण नेमके कुठं उभे आहोत, हे त्याला आवाजावरून कळायचं. त्या टोच्याची मला इतकी सवय झाली की सुटीच्या दिवशी करमायचं नाही.

फारूख पुढं खेळायचा. जोर त्याच्या पायात मोप, पण चेंडू बरेचदा माझ्यावरच आदळायचा. अमेय म्हणून एक इंजिनिअर पोरगा शहरातून मोटारसायकलवर खेळायला यायचा. तो म्हणायचा, "फारूखभाई, हा खांब तुमचा सासरा आहे का? दर वेळी भेटूनच जाता!"

मग पाऊस यायचा राहिला. एक वर्ष राहिला, दुसऱ्या वर्षीही राहिला. जायकवाडी मृतसाठ्यावर गेलं आणि टँकर सुरू झाले. टँकर वळवायला मोकळी जागा म्हणजे आमचं मैदान. त्यामुळे हंड्यांची रांग लागायची ती गोलच्या रेषेवर, माझ्यापासून माझ्या जुळ्यापर्यंत आणि पुढं. हंडा म्हणजे माणूस, असा तिथला कायदा. हंडा ठेवून माणूस ड्युटीला गेला तरी त्याचा नंबर कुणी हलवायचा नाही. हा कायदा पाळून घ्यायच्या पारूबाई. कोपऱ्यावरच्या घरातल्या, नवरा नाही, आवाज टँकरच्या हॉर्नपेक्षा मोठा. सगळे त्यांना मावशी म्हणत आणि वचकून असत.

रांगेत आधी घरवाले, मग भाड्याचे खोलीवाले आणि सगळ्यात शेवटी डंबरचा निळा कॅन. असं कुणी ठरवलं नव्हतं, पण रोज तसंच व्हायचं. त्याचा नंबर येईतो टँकरचा पाइप खोकायला लागलेला असायचा. डंबर तळाचं गढूळ पाणी घेऊन हसत जायचा. त्या हसण्याचा मला राग यायचा.

अशात ती बातमी आली. शेजारी देशांच्या राष्ट्रीय संघांची एक नवी फुटबॉल स्पर्धा निघाली होती. भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका असे आसपासचे सगळे. झालं! संध्याकाळी खेळ संपला की सगळे माझ्या बुडाशी बसायचे आणि वाद घालायचे.

"काय उपयोग?" अमेयचं म्हणणं. "जगाच्या यादीत आपण कुठल्या कुठं. शेजाऱ्यांशी खेळून काय शिकणार? आंधळ्यात काणा राजा व्हायचं, एवढंच."

"अरे यार, तुला नाय समजायचं," फारूख म्हणायचा. "लांबच्याशी हरलं तर माणूस घरी येऊन झोपतो. शेजाऱ्याशी हरलं तर सकाळी उठून त्याचंच तोंड बघायला लागतं. खरी मॅच तीच!"

काकासाहेबांना ऑफसाइड कळत नव्हता, पण मत होतं. "आदी गाव जिंकावं, मग तालुका. आन ही मॅच आपल्याकडं कधी ठिवत्यात का? समदं तिकडं कलकत्त्याला नायतर केरळात. मराठवाड्यात येतंय काय, तर टँकर."

ते खरंच होतं. त्यांच्यातल्या एकानंही भारताचा सामना मैदानात बसून पाहिला नव्हता आणि पाहायला मिळेल अशी आशाही नव्हती. त्यांचं स्टेडियम म्हणजे मी, माझा जुळा आणि तो वाकडा सावत्र.

डंबर वादात पडायचा नाही. एवढंच म्हणायचा, "मेरा पूरा गाँव देखेगा. एक टीव्ही है, सब उधरच बसेगा." हे सांगताना तो उत्तरेकडं बघायचा. तिकडं कारखान्यांच्या चिमण्याच दिसायच्या, तरी बघायचा.

भारत आणि नेपाळ यांचा सामना ज्या दिवशी होता, त्या सकाळी टँकरला उशीर झाला. काकासाहेब रांगेशेजारी उभे राहून पेपर मोठ्यानं वाचत होते. "पाहुण्या संघाची मदार बचावावर..."

"पाव्हणा कोण?" पारूबाईंनी रांगेतून विचारलं.

"नेपाळवाले, मावशी. सामना आपल्याकडं, म्हणून ते पाहुणे," सकाळीच खेळायला आलेल्या अमेयनं समजावलं.

"म्हंजी डंबरची माणसं? अगं बया! मग डंबर पाव्हणाच की आपला. आन पाव्हण्याला आपण रोज शेवटी पाणी देतोय व्हय?" त्यांनी गालावर हात मारून घेतला. "दारी आलेल्याला आदी तांब्या देत्यात. लाज वाटंना का कुणाला?"

त्या तरातरा गेल्या, निळा कॅन उचलला आणि सगळ्यांच्या पुढं, अगदी माझ्या पायाशी आणून ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका हंड्यावरून डोकी फोडणारी ही माणसं, पण पाहुणा म्हटल्यावर एकानंही तोंड वाकडं केलं नाही. मला भरून आलं.

डंबरचं तोंड मात्र उतरलं. तो पुढं आला आणि त्यानं आपला कॅन उचलला.

"मावशी, पाहुना नको बोलू. पाहुना जाता है."

"मग काय म्हणू रं?"

"शेजारी बोलो. इतके साल इथं राहतो. आगे नको मला. फारूखच्या बाजूला द्या. आजचा नाय, रोजचा नंबर."

फारूखचा हंडा पहिल्या काहींत असायचा, त्याच्यामागं पारूबाईंचा. मध्ये डंबर आला तर मागचे सगळे रोज एकेक नंबर मागं जाणार. पाहुण्याला एक दिवस पहिला नंबर द्यायला सगळे तयार होते. शेजाऱ्याला रोजची जागा द्यायला एकही तयार नव्हता. फारूख बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. नाडी बांधलेलीच होती, मी बघत होतो.

"बघू," पारूबाई पुटपुटल्या. डंबर हसला आणि कॅन घेऊन रांगेच्या शेवटी गेला.

संध्याकाळी सगळे कोपऱ्यावरच्या चहाच्या हॉटेलात सामना बघायला गेले. मला इथून नुसते आवाज ऐकू येत होते. एकदा एकाच माणसाचा आवाज आला आणि लगेच थांबला. म्हणजे नेपाळनं गोल केला होता. पुढं सगळ्यांचा आला, म्हणजे बरोबरी. आणि मग लाइट गेली. हॉटेलातून असा काही ओरडा उठला की लिंबावरचे कावळे उडाले.

सगळे चरफडत मैदानात आले. उजेड अजून होता. टँकर अजूनही आला नव्हता, हंडे सकाळपासून रांगेतच होते. "आता निकाल कसा कळणार?" जो तो विचारत होता.

"इथंच लावू निकाल," अमेय म्हणाला. "एक पेनल्टी. डंबर नेपाळ, फारूखभाई भारत. गोल झाला नाही तर डंबरचा नंबर फारूखभाईच्या शेजारी. रोजचा. बोला मावशी!"

पारूबाईंनी कमरेवर हात ठेवले, रांगेकडं नजर फिरवली. "व्हय. पर माझा हंडा चेपला तर दोघांनाबी बघून घेईन."

डंबर हंड्यांच्या रांगेपुढं उभा राहिला. हात मागं नेऊन त्यानं मला टोचा मारला. फारूख चेंडूपाशी बराच वेळ खाली मान घालून उभा राहिला, मग धावला आणि सगळा जीव ओतून मारला. डंबर चुकीच्या बाजूला झेपावला. चेंडू सरळ येऊन माझ्या छातीवर आदळला, आणि मी असा वाजलो, असा वाजलो की हॉटेलवाला बाहेर आला. चेंडू उलटा उडाला, पार रस्त्यावर गेला.

फारूखनं चेंडू मुद्दाम माझ्यावर मारला की नेहमीसारखाच नेम चुकला, यावर पुढं कितीतरी दिवस वाद झाले. खरं काय ते मला माहीत आहे. पण खांबानं चुगली करायची नसते.

पारूबाईंनी निळा कॅन उचलला आणि फारूखच्या आणि आपल्या हंड्याच्या मध्ये ठेवला. "सरका रं मागं," त्या ओरडल्या. एकदोघं कुरकुरले, पण सरकले.

खरा सामना भारतानं शेवटच्या मिनिटाला जिंकल्याचं दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. डंबर तोंड पाडून रांगेत उभा होता आणि फारूख त्याला चिडवत होता. "काय रे नेपाळ, रात्री झोप लागली का?" पारूबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. पाहुण्याला असं कुणी चिडवत नाही. डंबरनं फारूखला एक मराठी शिवी दिली. ती ऐकून मला जो आनंद झाला, तो काय सांगू!

पण सुख फार दिवस कुठं टिकतं? पाण्याअभावी कंपनीनं पाळ्या कमी केल्या आणि गेटवरचे बाहेरगावचे वॉचमन काढले. उन्हाळा सरायच्या आत डंबर गेला. जायच्या सकाळी तो एकटाच मैदानात आला, मला टोचा मारला, तळवा थोडा वेळ तसाच माझ्या अंगावर ठेवला आणि बॅग उचलून निघाला.

त्या दिवशीही टँकर आला. हंडे लागले. फारूखचा हंडा, मग कॅनएवढी मोकळी जागा, मग पारूबाईंचा हंडा. वीतभर जागेसाठी भांडणाऱ्या त्या रांगेत, पाऊस पडून टँकर बंद होईपर्यंत कुणीही आपला हंडा तिथं पुढं सरकवला नाही.

आता शहराचं नाव बदललं, आणि माझं कामही. प्लॉट विकले गेले, इमारती आल्या. जुळा आणि सावत्र भंगारात गेले. मला सोसायटीवाल्यांनी ठेवलं आणि माझ्या डोक्यावर पाटी ठोकली : "येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे." आता बोला! घरोघरी नळ आले आहेत. कुणी कुणाच्या शेजारी हंडा ठेवत नाही. एका जिन्यातल्या माणसांना एकमेकांची नावं ठाऊक नसतात. मी मात्र चेंडूच्या धक्क्यासाठी झुरतो, आणि त्याहून जास्त त्या बोटासाठी.

परवा फारूख आला. दाढी पांढरी झाली आहे. ती शेजाऱ्यांची स्पर्धा यंदा पुन्हा भरते आहे म्हणे. त्यानं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात डोंगर होते, आणि डंबरचा म्हातारा होत चाललेला चेहरा.

"बघ, वळख कोण ते," फारूख त्याला म्हणाला.

"दिसत नाय बराबर. नजर गेली माझी," फोनमधून आवाज आला. "वाजव."

फारूखनं बोटाच्या पेरानं टोचा मारला. टण्ण! फोन बंद पडला की काय, म्हणून फारूखनं तो हलवून पाहिला.

मग आवाज आला, "हां. डावा आहे."

मैदान गेल्यापासून मला डावा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं हो. फारूखनं कपाळ माझ्या अंगाला टेकवलं आणि तो तसाच उभा राहिला.

तुम्ही कधी या बाजूला आलात तर माझ्या डोक्यावरची पाटी वाचू नका. जाता जाता एक टोचा मारा. मी अजून पोकळच आहे, छान वाजतो. आणि घरी पोचलात की शेजारच्याचं नाव तेवढं विचारून ठेवा.