ज्याच्या त्याच्या नावाचा पेला

ऑकलंडच्या तुपु आत्याने पाठवलेलं खोकं वल्हेकऱ्यांच्या तळावर उतरलं आणि तिथे रांधणारी ताईमाने चुलीवरचं पातेलं तसंच टाकून धावत सुटली. तिने खोकं फाडलं. आत डबेच डबे! दुधाची प्रोटीन पावडर, बिनदुधाची अंड्याची, बिनसाखरेची आणि एक हिरव्या झाकणाची, नुसत्या वाटाण्याची. तिने हिरव्या झाकणाचा डबा उराशी धरला. आनंदाने तिला रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. तिच्या भावाची होडीतली जागा आता या डब्यावरच टिकणार होती.

भाऊ म्हणजे लोकेनी, डाव्या रांगेतला पाचवा वल्हेकरी. खांदे असे की दारातून शिरताना तिरकं व्हावं लागे. पण लग्न झालं आणि तो बायकोच्या पंथात गेला. त्या पंथात मांसमच्छीला, अंड्यालाही हात लावत नाहीत. इकडे शर्यतीच्या आधी महिनाभर गावाच्या लांबलचक होडीचे चाळीसेक वल्हेकरी तळावर एकत्र राहतात आणि गाव त्यांना रांधून घालतं, ते काय तर डुक्कर, मासे आणि डब्यातलं गोमांस. लोकेनी बिचारा तारोचे कंद आणि नीरफणस खाऊन वल्हं मारी. रोजच्या सरावात शेवटच्या टप्प्याला त्याचं वल्हं ढिलं पडे, आणि ताईमाने किनाऱ्यावर उभी राहून ओठ चावत असे.

कप्तान एतुआलेने कालच सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "लोकेनी, शर्यतीआधीच्या शेवटच्या सरावापर्यंत बघतो. तेव्हाही गळपटलास, तर तुझ्या जागी दुसरा बसेल. मग घरी बसून भजनं म्हण."

आणि आता तोच कप्तान हात कमरेवर ठेवून खोक्यासमोर उभा होता. "हे सगळं समुद्रात टाक," तो म्हणाला.

"का पण?"

"का? गेलं वर्ष विसरलीस?"

गेलं वर्ष कोण विसरेल! तेव्हा आत्याने एकाच जातीची पावडर पाठवली होती, दुधाची. तळावर आलेली भेट सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची हा आमचा रिवाज, नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून शर्यतीच्या सकाळी ती सगळी एका बादलीत कालवली आणि झाडून सगळ्यांनी ढोसली. आमच्याकडे मोठ्या माणसाला दूध कुठे पचतं? आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियाच्या बंदरात, शर्यत ऐन रंगात आल्यावर एकेकाच्या पोटात गुडगुड सुरू झाली. निम्मे वल्हेकरी पोट धरून वाकले. होडी शेवटची आली, आणि किनारा लागायच्या आत पाण्यात उड्या टाकून जो तो झाडीकडे पळाला. शेजारच्या गावाने त्यावर गाणं रचलं, आणि ते अजून लग्नाकार्यात म्हणतात.

"म्हणून तर या वेळी वेगवेगळी मागवली," ताईमाने म्हणाली. "ज्याला दूध चालतं त्याला दुधाची. पोउलीला साखरेचा आजार आहे, त्याला बिनसाखरेची. लोकेनीला दूध पचत नाही आणि अंडं चालत नाही, त्याला वाटाण्याची. आणि तुम्हाला..."

"मला काय झालंय?" कप्तान ओरडला. "एका होडीतली माणसं एका भांड्यातलं खातात. प्यायची तर सगळे एकच पितील, नाहीतर कोणी नाही. लाडाकोडाचे वेगळे पेले माझ्या तळावर चालणार नाहीत!"

एकच प्यायली तर पुन्हा तेच गाणं. कोणीच नाही प्यायली तर लोकेनीची जागा गेली. ताईमानेच्या डोक्यात संतापाने नुसती आग झाली. ती तशीच हिरव्या झाकणाचा डबा काखेत मारून मानोगीबाबांकडे निघाली.

मानोगीबाबा म्हणजे गावाचं तोंड. भेट जाहीर करायची, पाहुण्याला बोलायचं, आवाच्या, म्हणजे मुळी कुटून केलेल्या मानाच्या पेयाच्या, बैठकीत गावच्या एकेका प्रमुखाचं नाव घेऊन पेला पुकारायचा, सगळं त्यांनीच. आवाज असा की पुकारलं की झाडावरची पाखरं उडत.

"बाबा, आवाच्या बैठकीत सगळे एकदम पेला पितात का?" तिने बसायच्या आतच विचारलं.

"काहीतरीच काय विचारतेस? प्रत्येकाचा पेला वेगळा. नाव पुकारल्याशिवाय कोणाला मिळत नाही."

"म्हणजे प्रमुखांना वेगळा पेला दिला तर मान, आणि आमच्या पोरांना दिला तर लाड? हे कुठलं शास्त्र?"

म्हातारा आधी तिच्याकडे आणि मग काखेतल्या डब्याकडे बघत राहिला. मग असा हसला की खोकलाच लागला. "अगं भवाने! वाटाण्याच्या पिठासाठी मला कामाला लावतेस?" डोळे पुसत बाबा म्हणाले, "हे बघ, ती आवा नव्हे आणि तिची नक्कल मी करायचो नाही. पण हाक मारायला माझा घसा कोणी गहाण टाकलेला नाही."

संध्याकाळी सराव आटोपून मंडळी तळावर चटयांवर बसली. ताईमानेने शहाळ्याच्या पाण्यात आणि केळ्यात वेगवेगळ्या पावडरी घुसळून, पोउलीची तेवढी साध्या पाण्यात, करवंट्या भरून ठेवल्या होत्या. कप्तानाने करवंट्या पाहिल्या आणि त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. तो काही बोलणार, तेवढ्यात मानोगीबाबांनी काठी टेकून आवाज लावला.

"साखरेला लांबून नमस्कार करणाऱ्या, पण वल्ह्याला घट्ट मिठी मारणाऱ्या पोउलीचा पेला!"

तळ हास्याने दणाणला. पोउली लाजत उठला, दोन्ही हातांनी करवंटी घेतली आणि एका दमात रिकामी केली. मग एकेक नाव येत गेलं. प्रत्येकाला चिमटा आणि प्रत्येकाला पेला. पोरं आपलं नाव कधी येतं म्हणून गुडघ्यांवर उठून बसली. असं त्यांचं नाव आजवर कोणी पुकारलं नव्हतं.

"ज्याच्या हातातल्या सुकाणूला समुद्र घाबरतो," बाबा गरजले, "आणि जो स्वतः फक्त दुधाला घाबरतो, त्या एतुआले कप्तानाचा पेला!"

ताईमाने बिनदुधाची करवंटी घेऊन कप्तानासमोर उभी राहिली. पुकारलेला पेला नाकारणं म्हणजे पुकारणाऱ्याचा अपमान, आणि मानोगीबाबांचा अपमान करून या गावात राहता येत नाही. कप्तान लालबुंद झाला. त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि करवंटी हिसकून तोंडाला लावली.

"खडूसारखं लागतं," तो मिशी पुसत म्हणाला.

"खडू कधी खाल्लात, कप्तान?" मागून कोणीतरी विचारलं, आणि खुद्द कप्तानच फिसकन हसला.

"शेतातलं खाऊन समुद्र कापणाऱ्या लोकेनीचा पेला!"

लोकेनी जागचा हललाच नाही. त्याच्या पंथात आवा पीत नाहीत, त्यामुळे कधीकाळी तो प्रमुख झाला असता तरी असा पेला त्याच्या वाट्याला आला नसता. शेजाऱ्याने कोपर मारलं तेव्हा तो उठला. बहिणीच्या हातून करवंटी घेताना त्याने मान खाली घातली. "पी रे," ती पुटपुटली. "सगळं पी."

त्यानंतर रोज संध्याकाळी पेले पुकारले गेले. रोज नवे चिमटे! मानोगीबाबा दुपारभर ते जुळवत बसत. शेवटच्या सरावाला होडी किनाऱ्याला लागली तेव्हा कप्तान लोकेनीजवळून चालत गेला आणि काहीच बोलला नाही. एतुआलेच्या तोंडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नव्हती.

शर्यतीच्या दिवशी बंदरावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ढोल, शिट्ट्या, आरोळ्या! शेजारच्या गावच्या बायकांनी ते गाणंही सुरू केलं. ताईमाने माणसांच्या खांद्यांमधून घुसून कठड्यावर चढली. होड्या भूशिराला वळसा घालून आत शिरल्या तशी तिने डाव्या रांगेतलं पाचवं वल्हं हेरलं आणि त्याच्यावरून नजर काढली नाही. वल्हं पाण्यात गेलं, वर आलं, परत गेलं. शेवटचा टप्पा सुरू झाला. इथेच ते ढिलं पडायचं. "ओढ, लोकेनी, ओढ!" तिचा आवाज फाटला. वल्हं खोल गेलं. पुन्हा खोल. दोन्ही बाजूंनी होड्या आल्या की गेल्या, तिला पत्ता नव्हता. ते एक वल्हं शेवटच्या खांबापर्यंत पाणी कापत गेलं, आणि मग लोकेनीने ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं.

ताईमाने ढसाढसा रडत होती.

"अगं रडतेस काय?" कोणीतरी तिला गदागदा हलवून ओरडलं. "पहिले आलो आपण! पहिले!"

"कशात?" तिने विचारलं.