न तपासलेली तुळई

मित्रांनो, मँचेस्टरपासून तासाभराच्या अंतरावर, डर्बीशरमधल्या एका उतारावर मी उभे आहे. मी दोनशे वर्षांचे दगडी कोठार, अगदी गोल. माझ्या आत घोडे गोल फिरत आणि त्यांच्या जोरावर मळणीचे यंत्र चाले. पुढे ट्रॅक्टर आले, घोडे गेले आणि मी मोडकी अवजारे सांभाळत राहिले.

सहा वर्षांपूर्वी दीनानाथकाकांनी हे शेत घेतले. निवृत्त डॉक्टर, पण माझ्या भिंतींना त्यांनी स्वतःच्या हाताने चुना लावला. गावातल्या शाळेच्या मुलांना मला दाखवायचे, ही त्यांची फार इच्छा. म्हणून माझी तपासणी करायला त्यांच्या मित्राची मुलगी स्वराली आली. ती इंजिनिअर. तिने भिंती नीट मोजल्या. छतावर मात्र खालूनच टॉर्च फिरवला आणि लिहिले, ‘छत सुरक्षित.’

माझी उत्तरेकडची तुळई आतून पार भुसा झाली होती. मला ते ठाऊक होते. तरी खरे सांगते, तिने पाहिले नाही याचे मला बरे वाटले. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझे कौतुक करत होते.

मार्चमध्ये काका मुलांसाठी बाके मांडत असताना ती तुळई त्यांच्या खांद्यावर कोसळली.

स्वराली भेटायला आली, तेव्हा काका हात गळ्यात बांधून माझ्या दारात बसले होते.

“माझंच चुकलं गं,” ते म्हणाले. “मी तिथे लाइट्स टांगले. वजन जास्त झालं असणार.”

ती गप्प राहिली असती, तर कोणाला काही कळले नसते.

“काका, लाइट्समुळे नाही झालं. मी वर चढलेच नव्हते. ट्रेन गाठायची होती. रिपोर्ट खालूनच बघून लिहिला.”

काकांनी आत मांडलेल्या बाकांकडे पाहिले.

“त्या बाकांवर सोमवारी बावीस मुलं बसणार होती, स्वराली.”

“माहीत आहे. सॉरी म्हणायलाही तोंड नाही मला.”

“मग म्हणू नकोस. हेल्मेट घाल आणि शिडी लाव. मी एका हाताने धरतो.”

ती चढली. आणखी तीन तुळया कुजलेल्या निघाल्या. आपली चूक तिने ऑफिसातही स्वतःच कळवली. काकांचा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही, आणि ते पाहिले की माझे दगडसुद्धा शरमतात.

मित्रांनो, आम्हा जुन्या वास्तूंना नुसते थोपटू नका. ठोकून पाहा. आणि ‘पाहिले’ असे लिहिण्याआधी खरोखर पाहा.