रिकाम्या गाडीची रेघ

त्या भागात त्याला सगळे लाईटवाला म्हणत. गॅरेज तसं सगळ्याच कामांचं, पण मोटारसायकलचा मिणमिणता पिवळा हेडलाईट काढून पांढराशुभ्र एलईडी बसवावा तर त्यानंच, अशी त्याची ख्याती होती. नुसता बल्ब बदलून तो गिऱ्हाइकाला वाटेला लावत नसे. बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढायची, मध्ये रिले टाकायचा, धुरकटलेली काच बदलायची, आणि शेवटी गाडी समोरच्या भिंतीपासून मोजून पंचवीस फुटांवर उभी करायची. भिंतीवर खडूची आडवी रेघ. झोताची वरची कड त्या रेघेखाली राहिली पाहिजे, नाहीतर आपल्याला रस्ता दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. हे तो प्रत्येकाला ऐकवायचा, कुणी विचारलं नसलं तरी.

पाववाल्यालाही ऐकवलं होतं. पाववाला पहाटे अंधारात दुकानोदुकानी पाव टाकत फिरायचा आणि खड्डे दिसत नाहीत म्हणून रडायचा. एका संध्याकाळच्या फेरीला निघता निघता तो गॅरेजवर आला, मागं भरलेले चार क्रेट आणि दोन्ही अंगांना दोन पोती. काम करताना अडचण नको म्हणून लाईटवाल्यानं ते ओझं स्वतःच्या हातानं सोडून बाजूला ठेवलं. दिवा बसवला, झोत रेघेला नेमका लावला, स्क्रू आवळला आणि मग ओझं परत बांधून दिलं. मागं वजन बसलं की गाडीचं नाक वर जातं आणि नाकाबरोबर दिवाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लाईटवाला त्या संध्याकाळी ते विसरला. घाई नव्हती, घरी भांडण नव्हतं, सांगायला सबब अशी काहीच नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे त्याचे सासरे पुलाच्या वळणावर सायकलवरून पडले.

सासरे घड्याळजी. बायको एकुलती एक, तेव्हा सासूबाई गेल्यावर ते लेकीकडेच राहायला आले. लोक घरजावई होतात, आमच्याकडे सासराच घरी आला, असं लाईटवाला चारचौघांत म्हणायचा आणि म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसायचा. नगरपालिकेच्या टॉवरवरच्या घड्याळाला चावी देण्याचं काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे होतं. एक दिवसाआड पहाटे सायकल काढायची, शहाण्णव पायऱ्या चढायच्या, आणि सहाचे ठोके रेडिओशी ताडून बघायचे. नगरपालिकेला तिथं विजेचं यंत्र बसवायचं होतं, पण म्हातारा हलत नाही तोवर कुणी विषय काढत नव्हतं.

मनगट मोडलं, प्लास्टर पडलं. पण म्हातारा धसकला होता तो दुसऱ्याच गोष्टीनं.

"एकदम सगळं पांढरं झालं," ते लेकीला सांगत होते. "आणि मग काळं. किती तरी वेळ समोरचं काहीच दिसेना. कुणीतरी धरून उठवलं, त्याचं तोंडसुद्धा दिसलं नाही."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत. ते कुणालाच पटलं नाही, म्हाताऱ्याला तर मुळीच नाही. "त्यांनी उजेडात बघितलं. मला अंधारात दिसलं नाही," ते म्हणाले. बायकोनं सायकलला कुलूप घालून किल्ली पिठाच्या डब्यामागं ठेवली.

दोन दिवसांनी पाववाला गॅरेजवर आला. ओझं लादलेलंच होतं. खूश होऊन त्यानं लाईटवाल्याच्या हातात एक गरम पाव ठेवला.

"काय उजेड पडतो राव. फक्त समोरचे लोक शिव्या घालतात. परवा तर पुलापाशी एक म्हातारा सायकलवाला सरळ खाली गेला. मी उठवला त्याला. पण तो आपला डोळेच चोळत होता, म्हणाला, तुझा काही दोष नाही बाबा, माझेच डोळे गेले."

लाईटवाल्यानं गाडी भिंतीसमोर घेतली आणि दिवा लावला. झोत रेघेच्या हातभर वर होता, बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.

पुलापाशी पडलेला म्हातारा कोण, ते त्याला कळलं. पण हातांना सवय असते. स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यानं दोन आटे फिरवले, झोत खाली आणला, आणि "जरा सेट करून दिलाय" एवढंच बोलला. पाव त्यानं फळीवर ठेवला, तो तिथंच वाळला.

त्या रात्री जेवताना तो सांगणार होता. मग वाटलं, उद्या. बायको वाढता वाढता म्हणाली, "बाबांना ज्यानं कुणी पाडलं असेल ना, त्याचं कधी भलं व्हायचं नाही." म्हातारा म्हणाला, "कुणी पाडलं नाही गं." आणि लाईटवाल्यानं तोंडात जी मिठाची गुळणी धरली ती धरलीच. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं. घरात कुणी नुसता दिवा लावला तरी तो दचकायचा.

म्हातारा दिवसभर टेबलाशी भिंग डोळ्याला लावून बसायचा. एका हातानं घड्याळ उघडायला गेला की स्क्रू निसटायचा. हात प्लास्टरमध्ये असेल तर कुणाचाही निसटेल, पण ते म्हणायचे, "बघा जावईबापू, दिसत नाही म्हणतो ते उगीच नाही." जावई खाली वाकून स्क्रू शोधून द्यायचा. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. त्यानं पंधरा दिवसांत निदान दहा स्क्रू उचलून दिले असतील आणि ते वाक्य काही दिलं नाही. डोळ्यांना काही झालेलं नाही हे त्या घरात त्याला एकट्याला ठाऊक होतं, आणि त्याला भीती होती ती बायकोच्या नजरेची. लाज वाटावी असंच कारण होतं ते, आणि त्याला लाज वाटतही होती.

मग म्हाताऱ्यानं नगरपालिकेला पत्र लिहिलं. नजर अधू झाल्यानं काम सोडतो. टॉवरच्या दाराची चावी परत द्यायला सोमवारी जावयानंच त्यांना मोटारसायकलवरून नेलं. वाटेत सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. रस्ता संपला, जिना संपला, कारकुनानं नोंदवही उघडली. म्हाताऱ्यानं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. ती एकतीस वर्षं वापरून पितळेसारखी गुळगुळीत झाली होती. कारकुनानं हात पुढं केला.

"मामा, देऊ नका," लाईटवाला म्हणाला. "तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्हाला ज्यानं उठवलं, त्या पाववाल्याचा दिवा मी बसवलाय. ओझं उतरवून सेट केला, म्हणून तो वर गेला. तुम्ही त्यानं पडलात."

कारकून दोघांकडं बघत राहिला. म्हातारा जावयाकडं वळला.

"तुम्हाला हे कळून किती दिवस झाले?"

"पंधरा."

"हाताचं काही नाही," म्हातारा हळूच म्हणाला. "हाड आहे, जुळेल. पण दुपारी घरात कुणी नसलं की मी डोळे मिटून चालून बघतोय. टेबलापासून मोरीपर्यंत किती पावलं, मोरीपासून दारापर्यंत किती. पुढं लेकीला त्रास नको म्हणून. पाठ होत आलं होतं सगळं."

लाईटवाल्याला रडू फुटलं. म्हाताऱ्यानं चावी उचलून खिशात टाकली, कारकुनाला "पत्र फाडून टाका" म्हणून सांगितलं आणि जिना उतरला. जावयानं गाडी चालू केली, पण ते बसले नाहीत. चालायला लागले. तेव्हा गाडी बंद करून, हातानं ढकलत तोही मागून निघाला.

चौकात म्हाताऱ्यानं मान वर केली आणि मोठ्यानं वाचलं, "शिलाई मशीन दुरुस्ती." मग त्याच्या पलीकडचं. "दातांचा दवाखाना, वेळ दहा ते एक." मग थेट रस्त्याच्या टोकाचं, बारीक अक्षरातलं, "चपला आणि छत्र्या." एकही पाटी ते सोडत नव्हते. लोक वळून बघत होते. प्रत्येक पाटीला लाईटवाल्याची मान आणखी खाली जात होती.

गॅरेजसमोर ते थांबले. वरच्या पाटीकडं त्यांनी नीट बघितलं. तेवढी एक वाचली नाही.

"घरी लेकीला तुम्ही सांगायचं," ते म्हणाले. "मी सांगणार नाही."

आणि ते पुढं चालू लागले.