उतार आहे
तिने कोमट तेलाचे बोट खांद्यावर टेकवले तसा नवरा कळवळला आणि लगेच हसला.

"उतार आहे," तो म्हणाला.

तिला तेवढेच हवे होते. निरगुडीचा पाला, लसूण आणि ओवा तिळाच्या तेलात कढवावा तर तिनेच. कुणाचा गुडघा धरला, कुणाची कंबर लचकली की रिकामी बाटली घेऊन माणूस तिच्या दारात हजर. हिच्या हाताला गुण आहे, असे सगळे म्हणत आणि ते ऐकताना ती अंगावर मूठभर मांस चढल्यासारखी फुलून येई. नवरा जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री करत आलेला, खांदा धरायचाच. तिने त्याचे दही-बटाटे बंद केले, सकाळी भिजवलेल्या मेथ्या सुरू केल्या. हिवाळ्यात तो भीतभीत म्हणाला होता, एकदा डॉक्टरांना दाखवू या का. ती फुरंगटली.

"अख्खी गल्ली माझ्या तेलावर चालते-फिरते आणि तुमचाच विश्वास नाही?"

त्याने पुन्हा विषय काढला नाही.

त्या दुपारी मात्र इस्त्री त्याच्या हातातून निसटली. हात वर होईना. लेक धावत आली आणि आईबापांना घेऊन थेट दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. पुढच्या तपासण्या झाल्या. खांद्याचे हाड आतून पोखरले होते, गाठ पसरली होती. आता दुखणे हलके करण्यापलीकडे फारसे काही हातात नाही, असे त्यांनी सांगितले. मग चष्मा काढून विचारले, इतके महिने काय करत होतात?

तिने कसेबसे तोंड उघडले. पण शब्द फुटायच्या आधीच तो बोलला.

"ही रोज मागे लागायची, डॉक्टरांकडे चला म्हणून. मीच टाळलं."



बाहेर बाकावर लेकीने बापाला फैलावर घेतले. जन्मात कधी कुणाचे ऐकले नाहीत, निदान या वेळी तरी आईचे ऐकायचे होते, म्हणताना तिला रडू आवरेना. तो खाली मान घालून सगळे ऐकून घेत राहिला. मग लेक आईच्या गळ्यात पडली.

"आई, तू तरी किती सांगणार होतीस गं त्यांना?"

लेकीच्या खांद्यावरून तिने नवऱ्याकडे पाहिले. त्याने हळूच मान हलवली, नको म्हणून.

आणि ती लेकीच्या पाठीवर हात फिरवत राहिली.