पोडियममागची पायरी

मी एक पायरी बोलतेय. जिन्यातली नव्हे, सुटी, लाकडी, वीतभर उंच आणि दोन माणसं उभी राहतील एवढी ऐसपैस. विद्यापीठाच्या सभागृहात भाषणासाठी जो पोडियम असतो ना, त्याच्यामागे बुटक्या वक्त्यांसाठी मला ठेवतात. वक्ता उंच असला की माझी रवानगी पडद्यामागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांजवळ.

पोडियम माझा सख्खा भाऊ. एकाच सुताराने, एकाच लाकडातून आम्हाला घडवलं. चांगल्या फळ्या त्याला लागल्या, उरल्यासुरल्या माझ्या वाट्याला आल्या. त्याला पॉलिश, छातीवर विद्यापीठाचं पितळी चिन्ह. मला रंगाचा एक हात, तोही खालून दिलेला नाही. पदवीदानाच्या दिवशी त्याला फुलांनी मढवतात. माझ्या अंगावर बुटांचे ठसे. जळते मी त्याच्यावर, लपवून काय करायचं?

त्यात पदवीदानाच्या समारंभाला मी कधी गेलेच नव्हते. सगळे पाहुणे मेले उंचच निघायचे.

गेल्या वर्षी आशा लागली. विद्यापीठाने पाहुणा म्हणून टीव्हीवरच्या एका उंच, देखण्या निवेदकाला बोलवायचं ठरवलं आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांत दोन तट पडले. सभागृहातच सभा भरली. एक मुलगी बोलायला उठली. वाद घालण्यात पटाईत म्हणून तिला सगळे वकीलबाई म्हणत. पोडियममागून तिचं नुसतं कपाळ दिसत होतं. तिने मला ओढत आणलं नि माझ्यावर चढली.

"पुलांची तपासणी करणाऱ्या एक इंजिनिअर बाई आहेत, आपल्याच विद्यापीठात शिकलेल्या," ती म्हणाली. "त्यांनी एक चालू पूल हट्टाने बंद करायला लावला. लोकांनी शिव्या घातल्या. तीन आठवड्यांनी तो पडला, तेव्हा त्यावर एकही माणूस नव्हता. त्यांना बोलवू या."

"त्यांना ओळखतं कोण?" मागून एक मुलगा म्हणाला. "माझे बाबा रजा टाकून येणार आहेत. त्यांना निदान ओळखीचा चेहरा दिसू दे."

"बाबा तुझा चेहरा बघायला येतायत रे."

हशा पिकला. मुलगाही हसला, पण खाली बसला नाही. "बाई बोलतात कशा, ते कुणी ऐकलंय का?"

"मी ऐकलंय. हळू बोलतात. उंचीने माझ्याएवढ्याच आहेत. पण ऐकत राहावंसं वाटतं."

तिच्याएवढ्याच. मला पूल, निवेदक, कुणाचे बाबा, कशाशीच घेणंदेणं नव्हतं. बाई बुटक्या होत्या, बस्स. हात वर झाले तेव्हा मी श्वास रोखून होते. बाईंना ऐंशी, निवेदकाला एकसष्ट. मुलांनी कुलगुरूंना सह्यांचं पत्र दिलं. आठवडाभर चालढकल झाली आणि शेवटी बाईंचं नाव पक्कं झालं. मी भावाकडे तोऱ्यात बघू लागले.

समारंभाला चार दिवस उरले होते. शिपाईकाका मला पुसत होते, चक्क ओल्या फडक्याने. तेवढ्यात वकीलबाई धावत आली.

"काका, बाईंचा फोन आला होता. पुलांवर चढउतार करून त्यांचे गुडघे गेलेत. पायरी नको म्हणाल्या."

"मग दिसणार कशा?"

"तेच तर."

काकांनी सुताराला बोलावलं. त्याने पोडियम आडवा पाडला आणि खालून वीतभर कापला. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, की तो बसका झाला म्हणजे आता बुटक्या माणसांनाही माझी गरज उरली नाही.

बाईंचं भाषण मी खोलीतून ऐकलं. शब्द नीट कळले नाहीत. टाळ्या मात्र खूप वेळ वाजत होत्या. मागाहून तो मुलगा खुर्च्या ठेवायला आत आला. "बाबांनी रुमाल काढला गं," तो वकीलबाईला सांगत होता. सगळ्यांचं भलं झालं, मी सोडून.

यंदाचा पाहुणा सव्वासहा फुटांचा. तालमीच्या वेळी बसक्या पोडियमवरचा कागद त्याला वाचता येईना. काकांनी डोकं खाजवलं, आत आले आणि मला उचललं. आली एकदाची माझी वेळ, मला वाटलं. मला थेट मंचावर नेलं, दिव्यांच्या लख्ख उजेडात मधोमध ठेवलं आणि पोडियम माझ्या डोक्यावर चढवला.

तर आज मी पदवीदानाच्या समारंभात आहे. मी दिसू नये म्हणून पुढून कापड लावलंय. वर भाऊ उभा आहे, फुलांसकट. मुलांनो, पुढच्या वर्षी पाहुण्यावरून भांडाल, खुशाल भांडा. कुणालाही निवडा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पोडियमवर रेलून बोलू नका, एवढं त्यांना सांगा. तो भार सगळा माझ्यावर येतो.