निळीचा चुना

गोकुळ बायको घेऊन येतोय म्हटल्यावर सगळ्या कुंडवाडीला आनंद झाला, त्याच्या आईला, कोंडाबाईला मात्र काळजी लागली. लेक जहाजावर स्वयंपाकी, आणि त्याने लग्न केलं ते ग्रीसच्या पोरीशी. नाव एलेनी. त्यातून फोनवर तो सांगून बसला, "आई, तिच्या खेड्यातबी गरम पाण्याचं कुंड हाय. आन् भवताली लई जुनं संगमरवरी खांब."

झालं! आळेफाट्याच्या बाजारापर्यंत कोंडाबाईने आजवर मान ताठ ठेवली ती वाडीच्या वाफाळत्या कुंडाच्या आणि त्यात उतरणाऱ्या, कातळात कोरलेल्या पुरातन पायऱ्यांच्या जोरावर. आता सुनेच्या माहेरीही तेच, आणि वर संगमरवर! सून नाक मुरडणार, आपली वाडी तिच्यापुढे फिकी पडणार, या धास्तीने तिला घास गोड लागेना.

पण हात टेकेल ती कोंडाबाई कसली. कुंडवाडीत नवी सून यायची तर घराला चुना लागल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. कोंडाबाईने चुना भिजवला, रंग खुलावा म्हणून त्यात चिमूटभर नीळ टाकली आणि पायऱ्याही संगमरवरासारख्या दिसाव्यात म्हणून शेजारच्या गोजरबाईला घेऊन थेट कुंड गाठलं. जीप येऊन थांबली तेव्हा पायऱ्या बगळ्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. खालची एकच राहिली होती.

गोकुळने कपाळाला हात लावला. "आई, काय केलंस ह्ये! शेकडो वर्सांचा दगड त्यो. हिला मी त्योच दावाय आणली व्हती!"

कोंडाबाईचा चेहरा खर्रकन उतरला. मिरवायला गेली आणि स्वतःच्याच हाताने वाडीचं हसं करून बसली. तिने कुंचला पदराआड लपवला.

एलेनी मात्र बादलीपाशी उकिडवी बसली. चुन्यात बोट बुडवलं, निरखून पाहिलं आणि गोकुळकडे वळून भडाभडा बोलायला लागली. बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

"काय म्हनती रं?" कोंडाबाईने दबकत विचारलं.

गोकुळ ओशाळला होता. "तिची आजी दर सणाला कुंडाची वाट अशीच रंगवायची म्हनती. नीळ घालूनच. आजी गेली, तवापासून त्या वाटंला कुनी चुना लावला न्हाई."

एलेनीने सासूपुढे हात केला. कुंचला घेऊन ती शेवटच्या पायरीवर बसली आणि आजीच्या रीतीने पायरीच्या नुसत्या कडेने पांढरी रेघ ओढली. मधला दगड काळाच ठेवला.

"अगं बया, अर्धीच सोडली की," म्हणत गोजरबाई बादली उचलायला वाकली.

कोंडाबाई आडवी झाली. तिची मान अशी ताठ आळेफाट्यालाही कुणी पाहिली नव्हती.

"ऱ्हाऊ दे तशीच. माज्या सुनंच्या आजीची पायरी हाय ती. हात लावशील तर बघ!"