ग्लेनच्या नावाचा नळ

आमच्या चाकापाता गावात पाणी घामावर मिळतं. डोंगरावरच्या झऱ्यापासून गावापर्यंत चर खणायचा, काठ्या रोवून घरटी एक तुकडा वाटून द्यायचा, आणि जो आपला तुकडा खणेल त्याच्याच अंगणात नळ, असं सभेत ठरलं. नियम चांगलाच आहे. फक्त माझा नवरा मेलेला, मुलगी अरेकिपा शहरात नांदायला गेलेली, आणि बटाट्याच्या पोत्यासकट पडले तेव्हापासून माझा उजवा खांदा कामातून गेलेला. झऱ्यावरून पाणी मी डाव्या हातानं आणत होते. नळ नाही मिळाला तर मरेपर्यंत तसंच आणावं लागणार होतं.

पाणी समितीचा अध्यक्ष तेओदोसियो, माझा चुलत दीर. माझ्या तुकड्याचं काय, असं त्याला विचारलं, तर म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. दिराला नियम फार आवडतात, विशेषतः दुसऱ्याला लागू होणारे.

तेवढ्यात स्वयंसेवक आले. पाइप त्यांच्या संस्थेनं दिले होते, आणि सोबत खणायला माणसंही पाठवली होती, जसा काही आमच्याकडे माणसांचाच दुष्काळ. एकेका घरी एकेक पाहुणा उतरवला. माझ्या वाट्याला ग्लेन आला. ओहायोचा निवृत्त दातांचा डॉक्टर, टकला, आणि इतका सज्जन की त्याच्यावर रागावणंही जमेना. भाजलेली गिनीपिग वाढली तर आधी तिचे दात बघून हळहळला, मग सगळी खाल्ली.

माझा खांदा कळल्यावर दुसऱ्या दिवशी तो कुदळ घेऊन माझ्या काठ्यांमध्ये उभा राहिला. वहिनीच्या घरी राहतो तो वहिनीच्या घरचाच माणूस, असं तेओदोसियोनं सगळ्यांदेखत मान्य केलं. गाव पोट धरून हसलं. मीही हसले.

ग्लेनचा चर म्हणजे माशी चावलेल्या बैलानं ओढलेला नांगर. आणि खोली जेमतेम कोपरापर्यंत. आम्ही चर हात घालून मोजतो. बोटं तळाला टेकली की काख काठाला लागली पाहिजे, नाहीतर जूनमधल्या आमच्या हिवाळ्याच्या कडाक्यात पाइप गोठून फुटतो. पण हे पाहुण्याला सांगणार कोण? सगळे आपले म्हणायचे, वा ग्लेनसाहेब, झकास. मग संध्याकाळी तो घरी सूप प्यायला बसला की तेओदोसियोची माणसं गुपचूप जाऊन त्याचा चर बुजवायची आणि तिथंच सरळ, काखेइतका खोल खणायची. सकाळी ग्लेन आपली कालची मजल बघून खूश व्हायचा आणि फोटो काढायचा. भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती जुळी बहीण आहे.

चर पुरा झाला. पाहुण्यांच्या निरोपाची सभा दुसऱ्या दिवशी होती. तेओदोसियो माझ्या दारात आला.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमचा तुकडा खरा आमच्या माणसांनी खणलाय. नळ नाही बसायचा."

"तुमच्या माणसांनी माझ्या हातून कोकाची पानं घेतली होती?"

आमच्याकडे मालकाच्या हातून चघळायला मूठभर पानं घेऊन काम केलं की ते उसनं, ते फेडावं लागतं. पानं न घेता, न विचारता केलं तर ते दान, आणि दानाबद्दल मागाहून तोंड उघडायचं नसतं. चोरून खणणारे माझ्याकडे पानं मागायला कसे येणार होते?

"बरं, दान तर दान," तो म्हणाला. "पण तुमच्या घरचं काम कुठं झालं?"

"ग्लेननं केलं की."

"त्याच्या चरात कोंबडीसुद्धा पुरता आली नसती, वहिनी."

"मग उद्या सभेत उभे राहा आणि त्याला तसंच सांगा. रोज तुझा चर बुजवत होतो म्हणा. मी बसते शेजारी, रडला तर डोळे पुसायला."

दुसऱ्या दिवशी ग्लेन आमची लोकरीची टोपी घालून पुढच्याच रांगेत बसला होता. तेओदोसियो उभा राहिला. ग्लेन त्याच्याकडे बघून हसला. तेओदोसियो खाकरला, पुन्हा खाकरला, आणि माझा तुकडा पूर्ण झाल्याचं त्यानं जाहीर केलं. पण शेवटी दीर तो दीरच. खणला ग्लेननं, तेव्हा नळही ग्लेनच्या नावावर, हजेरीतही ग्लेनचंच नाव, असं त्यानं पुढं जोडलं. ग्लेनचे डोळे भरून आले. दिराचा डाव मला तेव्हाच कळला. दर ऑगस्टला झरा साफ करायचा असतो, आणि नाव पुकारल्यावर ज्या घरातून ओ येत नाही त्याचा नळ बंद होतो.

ऑगस्टात त्यानं अगदी सावकाश पुकारलं, "ग्लेन."

"हजर," मी म्हणाले. घरातल्या कुणीही ओ दिली तरी चालते, हा नियमही त्याचाच होता. त्या दिवशी मी डाव्या हातानं शेवाळ खरवडलं.

पुढंही दर ऑगस्टला तेच. ग्लेन नाताळला कार्ड पाठवतो. त्याच्या चर्चमध्ये माझ्या नळाचा फोटो लावलाय म्हणे, आपण एका विधवेला पाणी दिलं असं तो सगळ्यांना सांगतो. दिलंच की, मी नाही कुठं म्हणते? पण स्वतःच्या अंगणातल्या पाण्यासाठी परक्याच्या नावानं ओ द्यावी लागते, ते मला बोचायचं. अजून बोचतं.

समितीचं अध्यक्षपद हजेरीच्या क्रमानं घरोघर फिरतं. विधवेचं घर आलं की ते नाव गाळून पुढं जातात, आजवर कुणा बाईकडं ते आलेलं नाही. यंदा तेओदोसियोची मुदत संपली. अध्यक्षाकडे असते ती पाण्याच्या टाकीची किल्ली हातात धरून त्यानं पुढचं नाव पुकारलं, "ग्लेन," आणि पुकारल्यावर त्याच्या लक्षात आलं.

"हजर." मी डावा हात पुढं केला.

"वहिनी, हे काही बाईमाणसाचं…"

"वहिनी कोण, भावजी? ग्लेन म्हणा."

सभेत आधी कुणी हसलं नाही. मग मागे बसलेल्या बायका हसायला लागल्या, आणि तेओदोसियोनं किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्याच्या मुठीत फार वेळ राहिल्यामुळे ती गरम झाली होती.